आयसीयूतील रुग्णाचे पोषण: नर्सने काय तपासावे, तुम्ही काय सांगावे?

आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. बीपी किती आहे? ऑक्सिजन किती लागतोय? शुद्धीवर कधी येतील? एक प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारते: काल दिवसभरात रुग्णाच्या पोटात काय गेले, आणि किती?

हा प्रश्न मनात न येण्याचे कारण समजण्यासारखे आहे. हाताला सलाईन लावलेले दिसते, नाकात नळी दिसते आणि आपण धरून चालतो की ‘ताकद’ मिळतेच आहे. रुग्ण स्वतः ‘भूक लागली’ असे सांगू शकत नाही. अशा वेळी तो उपाशी राहतोय का, त्याला जास्त दिले जातेय का, हे सर्वांत आधी लक्षात येऊ शकते ते त्याच्या उशाशी उभ्या असलेल्या नर्सच्या. पण त्यासाठी काय पाहायचे हे तिला माहीत असावे लागते, आणि रुग्णाबद्दलची काही माहिती तुमच्याकडून मिळावी लागते. या लेखात दोन्ही गोष्टी समजून घेऊ.

सलाईन म्हणजे जेवण नव्हे

साधे सलाईन म्हणजे मीठ आणि पाणी. त्यात एकही कॅलरी नसते. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या एक लिटरच्या बाटलीत ५० ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे १७० कॅलरी. दोन लहान फुलक्यांइतक्याच. प्रथिने शून्य. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण १,५०० कॅलरी आणि गंभीर आजारात ७५ ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात, हे लक्षात घेतले की फरक कळतो. सलाईन शरीरातले पाणी आणि क्षार सांभाळते. पोट भरण्याचे काम त्याचे नाही.

गंभीर आजारात शरीर स्वतःचेच स्नायू जाळू लागते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात आयसीयूतील रुग्णांच्या मांडीच्या स्नायूची सोनोग्राफीने मापे घेतली. पहिल्या १० दिवसांतच त्या स्नायूचा आकार सरासरी १७ ते १८ टक्क्यांनी घटला होता. असेच श्वासाचे स्नायूही अशक्त होतात, त्यामुळे व्हेंटिलेटर सुटायला वेळ लागतो. जखमा आणि बेडसोर लवकर भरत नाहीत. घरी गेल्यावर उठून बसायलाही आधार लागतो.

मग भरपूर खायला घातले की झाले? तसेही नाही. आजाराच्या पहिल्या काही दिवसांत कितीही अन्न दिले तरी ही झीज पूर्ण थांबत नाही. उलट सुरुवातीलाच जास्त कॅलरी दिल्या तर साखर वाढते आणि यकृतावर ताण येतो. म्हणूनच ‘कोणाला, कधी आणि किती’ हे ठरवण्यासाठी पोषणाचे मूल्यमापन करावे लागते.

हे काम नर्सकडे का येते?

डॉक्टरांचा राउंड काही मिनिटांचा असतो. आहारतज्ज्ञ असल्याच तर दिवसातून एकदा येतात. नर्स मात्र तीनही पाळ्यांत रुग्णाजवळ असते. ती त्याला कुशीवर वळवते, अंग पुसते, नळीतून फीड देते, लघवी मोजते. दंड सैल पडलाय, माकडहाडाजवळची कातडी लाल झालीय, पायावर सूज आलीय हे प्रथम तिच्या हाताला कळते.

ही जबाबदारी काही आजची नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली लिहिलेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात रुग्णाचे अन्न आणि ते देण्याची पद्धत यांवर दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेतील डॉ. चार्ल्स बटरवर्थ यांनी रुग्णालयात दाखल असतानाच रुग्ण कसे कुपोषित होत जातात, यावर एक गाजलेला लेख लिहिला. त्यांनी दाखवलेली एक त्रुटी अगदी साधी होती: रुग्णाची उंची आणि वजन कागदावर लिहिलेलेच नसते. पन्नास वर्षांनंतरही अनेक आयसीयूंच्या केसपेपरवर ती चौकट रिकामी असते, किंवा त्यात अंदाजाने आकडा लिहिलेला असतो.

पहिला टप्पा: धोका ओळखणे

रुग्ण दाखल झाल्यावर शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत धोक्याची चाळणी केली जाते. त्यासाठी दोन पद्धती जास्त वापरल्या जातात.

• एनआरएस २००२: यात सुरुवातीला चार प्रश्न असतात. बीएमआय २०.५ पेक्षा कमी आहे का? गेल्या तीन महिन्यांत वजन घटले का? गेल्या आठवड्यात जेवण कमी झाले का? आजार गंभीर आहे का? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले की पुढचे गुण काढायचे. वय ७० किंवा अधिक असेल तर एक गुण वाढतो. एकूण ३ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे पोषणाचा धोका. आयसीयूतील रुग्ण चौथ्या प्रश्नातच अडकतो, त्यामुळे पुढचे गुण काढणे टाळता येत नाही.

• सुधारित न्यूट्रिक स्कोअर: हा खास आयसीयूसाठी आहे. वय, आजाराची तीव्रता दाखवणारे दोन स्कोअर, आधीपासूनचे इतर आजार आणि आयसीयूत येण्याआधी रुग्णालयात काढलेले दिवस यांवरून ० ते ९ गुण मिळतात. ५ किंवा जास्त गुण म्हणजे धोका मोठा.

न्यूट्रिकमध्ये वजन किंवा जेवण यांचा समावेशच नाही, हे इथे लक्षात ठेवायला हवे. फाइलमधल्या आकड्यांवरून तो काढता येतो. म्हणून स्कोअर काढला की मूल्यमापन संपले, असे होत नाही. युरोपातील ईस्पेन या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तर ४८ तासांहून जास्त काळ आयसीयूत राहणारा प्रत्येक रुग्ण कुपोषणाच्या धोक्यातच धरावा.

दुसरा टप्पा: रुग्णाच्या उशाशी काय पाहायचे?

१. वजन. बेशुद्ध रुग्णाला काट्यावर उभे करता येत नाही आणि वजन दाखवणारी खाट सगळीकडे नसते. असली तरी आकडा फसवू शकतो. शरीरात साचलेला प्रत्येक लिटर पाणी म्हणजे एक किलो.

एक उदाहरण घेऊ. ६२ वर्षांच्या एका काकांचे नेहमीचे वजन ६० किलो होते. आजारपणात ते ५० किलोवर आले. म्हणजे सुमारे १७ टक्के घट. दाखल झाल्यावर दोन दिवसांत अंगात चार लिटर पाणी साचले आणि खाटेचा काटा ५४ दाखवू लागला. आता घट फक्त १० टक्के दिसते. आधीचे वजन कोणी सांगितलेच नाही, तर तीही दिसत नाही. काका ‘बरे दिसतात’ ते सुजेमुळे.

२. उंची. झोपलेल्या रुग्णाची उंची नजरेने ठरवू नये. कोपरापासून मनगटाच्या हाडापर्यंतची लांबी किंवा गुडघ्याची उंची टेपने मोजून तक्त्यावरून उंचीचा चांगला अंदाज येतो. फीडचे प्रमाणच नव्हे, तर व्हेंटिलेटरने किती हवा द्यायची हेसुद्धा उंचीवरून ठरते.

३. स्नायू आणि चरबी. कानशिलाशी पडलेले खड्डे, वर आलेली गळ्याखालची हाडे, अंगठा आणि तर्जनी यांमधला सपाट झालेला भाग, सैल पोटरी. दंडाचा घेर टेपने मोजून दर आठवड्याला त्याच जागी पुन्हा मोजला तर बदल दिसतो. जाड माणूस कुपोषित नसतो, हा समज इथे सोडावा लागतो. मधुमेह असलेल्या, पोट सुटलेल्या रुग्णाचे स्नायू आतून झिजलेले असू शकतात आणि चरबीखाली ते झाकले जातात.

४. ठरलेले फीड आणि प्रत्यक्ष गेलेले फीड. सर्वांत मोठी तफावत इथे असते. समजा, ताशी ६० मिलीने २४ तासांत १,४४० मिली फीड ठरले आहे आणि एक मिलीत एक कॅलरी आहे. सीटी स्कॅनसाठी दोन तास, एखाद्या प्रक्रियेच्या तयारीसाठी तीन तास, नळी अडकल्याने आणखी दोन तास फीड बंद राहिले. प्रत्यक्षात गेले १,०२० मिली. रोज असेच झाले तर आठवड्यात जवळपास ३,००० कॅलरी कमी पडतात, म्हणजे सातपैकी दोन दिवस उपास घडल्यासारखेच. हिशेब ठेवणारी नर्स हे पकडते. काही आयसीयूंत ताशी वेग बांधून देण्याऐवजी दिवसाचे एकूण माप दिले जाते आणि बुडालेले फीड नंतर वेग वाढवून भरून काढण्याची मुभा नर्सला असते. कॅनडातील डॉ. डॅरेन हेलँड यांच्या गटाने ही पद्धत पुढे आणली.

५. औषधांतून जाणाऱ्या कॅलरी. झोपेसाठी दिले जाणारे प्रोपोफॉल हे औषध तेलात मिसळलेले असते. त्याच्या प्रत्येक मिलीतून १.१ कॅलरी मिळतात. ताशी १० मिली चालू असेल तर दिवसाला २६० हून जास्त कॅलरी नुसत्या औषधातून जातात. त्या मोजल्या नाहीत तर फीडचे गणित चुकते.

ज्ञान नेमके कुठे कमी पडते?

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात पोषण आणि आहारशास्त्र हा विषय असतो. तरीही अनेक देशांत नर्सच्या ज्ञानाची पाहणी झाली तेव्हा साधारण एकच चित्र दिसले: पोषण महत्त्वाचे आहे हे बहुतेकांना मान्य असते, पण मूल्यमापन कसे करायचे यात त्या कमी पडतात. विषय शिकला जातो वर्गात, आणि आयसीयूतल्या खाटेपाशी तो कोणी हात धरून शिकवत नाही. मग जुन्या सवयी पुढे चालू राहतात. त्यांतल्या चार वारंवार आढळतात.

• ‘अल्ब्युमिन कमी, म्हणजे कुपोषण.’ रक्तातील अल्ब्युमिन जंतुसंसर्ग, सूज, यकृताचे आजार आणि जास्त सलाईन यांमुळेही घटते. त्याचा रक्तातला अर्धा काळ सुमारे २० दिवसांचा असतो. आज चांगले खाल्ले म्हणून ते उद्या वाढत नाही. आजार किती गंभीर आहे हे त्यातून कळते, पोषण नाही.

• ‘आतड्यांचा आवाज आला की मगच फीड.’ आवाजाची वाट पाहत बसण्याची गरज नसते. बहुतेक रुग्णांना ४८ तासांच्या आत नळीने थोडे-थोडे फीड सुरू करता येते. अपवाद आहेत: आटोक्यात न आलेला शॉक, पोटातून चालू असलेला रक्तस्राव, आतड्याला अडथळा किंवा आतड्याचा रक्तपुरवठा बंद होणे. तो निर्णय डॉक्टरांचा.

• ‘पोटात थोडे फीड उरले, बंद करा.’ नळीने ओढून पाहिल्यावर १५०–२०० मिली निघाले की फीड थांबवण्याची रीत जुनी आहे. अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार दुसरी काही लक्षणे नसताना ५०० मिलीपेक्षा कमी उरल्यास फीड थांबवू नये. उलटी होतेय का, पोट फुगलेय का, खाटेची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली आहे का, हे पाहणे जास्त उपयोगाचे.

• ‘जुलाब झाले, फीड बंद.’ आयसीयूतील जुलाबांमागे बऱ्याचदा अँटिबायोटिक किंवा पातळ औषधांतील सॉर्बिटॉल असते. कारण शोधण्याआधीच फीड बंद केले तर रुग्ण उपाशी राहतो आणि जुलाबही चालूच राहतात.

यात नर्सला दोष देऊन चालणार नाही. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक नर्स असावी असे मानले जाते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी एकीला दोन-तीन रुग्ण सांभाळावे लागतात. डॉक्टरांना वाटते आहारतज्ज्ञ पाहतील, आहारतज्ज्ञांना वाटते डॉक्टर सांगतील, आणि कोणाच्याच नावावर नसलेले काम मागे पडते. जिथे मोजमापाचा टेप, एक पानी लेखी पद्धत आणि ‘फीड आता सुरू करूया का?’ असे विचारण्याचा अधिकार नर्सकडे असतो, तिथे ज्ञान वापरात येते.

उलटा धोका: उपाशी शरीराला एकदम अन्न

मूल्यमापन चुकण्याची सर्वांत गंभीर किंमत इथे मोजावी लागू शकते. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला अचानक भरपूर अन्न दिले की रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत शिरतात आणि रक्तात कमी पडतात. हृदयाचे ठोके बिघडू शकतात, श्वासाचे स्नायू गळून जातात, कधी जीवही जातो. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या उपाशी कैद्यांमध्ये हे ठळकपणे दिसले होते.

दहा दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच खाल्लेले नसणे, तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त वजन घटणे, बीएमआय १६ पेक्षा कमी असणे किंवा फीडआधीच हे क्षार रक्तात कमी असणे, यांपैकी एक गोष्ट जरी असली तरी धोका मोठा समजतात. दीर्घकाळच्या दारूनेही तो वाढतो. अशा रुग्णाला आधी थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात, फीड अगदी कमी मात्रेने सुरू करतात आणि क्षार रोज तपासतात.

वरच्या उदाहरणातील काका याच गटात मोडतात. पण ते कळणार केव्हा? घरातल्या कोणीतरी ‘त्यांचे वजन साठ होते’ असे सांगितले तरच.

तुम्ही काय सांगावे?

खालील माहिती एका कागदावर लिहून पहिल्याच दिवशी सिस्टरना किंवा ब्रदरना द्या. तोंडी सांगितलेले पाळी बदलताना हरवते.

१. आजारापूर्वीचे वजन आणि उंची. आठवत नसेल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा. आमच्या दवाखान्यातल्या जुन्या कागदांवर वजन बऱ्याचदा सापडते.
२. वजन घटल्याच्या खुणा: बांगड्या किंवा अंगठी सैल होणे, पँटला पट्ट्याचे नवे भोक पाडावे लागणे, कवळी सैल बसणे.
३. गेल्या दोन आठवड्यांतले जेवण. ‘कमी जेवत होते’ एवढेच पुरत नाही. ‘दोन भाकरींची अर्धी झाली होती, पाच दिवस फक्त चहा आणि पेज’ असे सांगा.
४. गिळताना ठसका, उलट्या, जुलाब, तोंडात फोड.
५. उपवास. कडक व्रत किंवा एकवेळ जेवण चालू असेल तर तेही.
६. दारू. कितीही संकोच वाटला तरी खरे सांगा. यावर उपचार बदलतो.
७. मधुमेह, किडनीचा आजार, क्षयरोग, पोटाची जुनी शस्त्रक्रिया, अन्नाची ॲलर्जी.

तुम्ही काय विचारावे?

भेटीच्या वेळेत शांतपणे तीन प्रश्न विचारा:

• पोषणाचे मूल्यमापन झाले आहे का आणि धोका किती आहे?
• फीड सुरू झाले आहे का? नसेल तर कोणत्या कारणाने थांबले आहे आणि पुन्हा कधी पाहणार?
• काल ठरलेल्यापैकी किती फीड प्रत्यक्ष गेले?

पहिल्या आठवड्यात ‘मुद्दामच कमी देत आहोत’ असे उत्तर आले तर घाबरू नका. हळूहळू वाढवणे हीच आजची शिफारस आहे. जास्त प्रथिने नेहमीच चांगली, हेही खरे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत खूप जास्त प्रथिने देऊन फायदा दिसला नाही, आणि किडनी बिघडलेल्या रुग्णांत तोटा होण्याची शक्यता दिसली. काळजीचे उत्तर एकच: ‘पाहिलेले नाही.’

घरून काही आणावे का?

नळीतून देण्यासाठी घरची पेज किंवा डाळीचे पाणी न विचारता आणू नका. डाळीच्या वरच्या पाण्यात प्रथिने फार थोडी असतात, गाळून घेतलेल्या अन्नाने नळी तुंबते आणि जंतूंचा धोका वाढतो. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असते. किडनीच्या रुग्णाला ते घातक ठरू शकते.

व्हेंटिलेटर काढल्यावर रुग्णाने पाणी मागितले तरी स्वतःहून घोटभरही देऊ नका. घशातल्या नळीमुळे काही काळ गिळणे बिघडलेले असू शकते आणि पाणी फुप्फुसात जाते. गिळण्याची तपासणी झाल्यावर सिस्टर सांगतील तेव्हाच द्या.

नंतर वॉर्डात आल्यावर मात्र तुमचे काम वाढते. नाकातली नळी निघाली की ‘आता जेवतात’ असे समजून सगळे निश्चिंत होतात, आणि नेमके तेव्हाच खाणे सर्वांत कमी असते. ताटातले किती संपले हे रोज लिहून ठेवा. निम्म्याहून कमी जात असेल तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांच्या आणि आहारतज्ज्ञांच्या कानावर घाला. घरी सोडताना वजन करून ते डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या, आणि पुढच्या तपासणीला त्याच आकड्याशी तुलना करा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. फीड सुरू करणे, वाढवणे किंवा थांबवणे हे रुग्णाच्या स्थितीवर अवलंबून असते. तो निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.*